चौथीच्या वर्गातील बंद केलेला 'यंत्राचा खेळ' पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक शिक्षण विभाग

विषय : दर मंगळवारचा 'यंत्राचा खेळ' पुन्हा घेऊ देण्याबाबत.
संदर्भ : १) तपासणी अधिकाऱ्यांचा अहवाल. २) आपले बंदीचे पत्र. ३) त्यावरील माझ्या विनंतीस आपले उत्तर.

महोदय,

१. मी चौथीची वर्गशिक्षिका. शाळेत संगणक नाही. तरी त्याला सूचना कशा द्यायच्या हे मुलांना कळावे म्हणून मी हा खेळ घेत असे. एकाने यंत्र व्हायचे, बाकीच्यांनी कागदावर सूचना लिहायच्या. कागदावर असेल तेवढेच यंत्राने करायचे, स्वतःचे डोके वापरायचे नाही. पहिल्या दिवशी पाणी पिण्याच्या सूचनांत झाकण उघडायचे लिहायला मुले विसरली आणि यंत्र बंद बाटली तोंडाला लावून बसले. तेव्हापासून मुले लिहिण्याआधी विचार करतात. निबंधाच्या तासाला मला हे नऊ वर्षांत जमले नव्हते.

२. तपासणीच्या दिवशी अधिकारी महोदय स्वतः हौसेने यंत्र झाले. मुलांनी लिहिले, 'भिंत येईपर्यंत सरळ चालत राहा.' समोरचे दार उघडे होते, ही मुलांची चूक. साहेब नियमाला पक्के. ते वर्गातून मैदानात आणि मैदानातून फाटकाबाहेर गेले. शिपाईमामांनी त्यांना सायकलच्या दुकानापाशी गाठून "साहेब, थांबा की आता," अशी विनवणी केली. परंतु ती लेखी नसल्याने साहेब थांबले नाहीत. अखेर मुलांनी धावत जाऊन 'थांबा' असा कागद दाखवला.

३. अहवालात 'अधिकाऱ्यास डोके न वापरण्यास सांगण्यात आले' असे नमूद आहे. ते खरे आहे व त्याबद्दल मी दिलगीर आहे. पण खेळ बंद झाल्याचे मला मनापासून वाईट वाटले. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे मुंगी म्हणतात. जूनपासून तिने तोंड उघडले नव्हते. या खेळात तिने बुटाची नाडी बांधण्याच्या अकरा सूचना लिहिल्या, आणि त्यांबरहुकूम आमच्या मुख्याध्यापकांची नाडी खरोखर बांधली गेली. आता ती पुन्हा गप्प बसू लागली आहे.

४. आपल्या उत्तरात म्हटले आहे की, शाळेत संगणक असल्यासच असा तास घेता येईल. आणि पुढच्याच परिच्छेदात, असा तास चालू असलेल्या शाळेलाच संगणक मिळेल. मी ते वर्गात वाचून दाखवले (हे वाचन होते, खेळ नव्हे, याची कृपया नोंद घ्यावी). मधल्या सुट्टीत मुलांनी फरशीवर खडूने 'तास' आणि 'संगणक' असे दोन चौकोन आखले. मुंगी यंत्र झाली आणि आपले पत्र हातात धरून घंटा होईपर्यंत या चौकोनातून त्या चौकोनात जात राहिली. शेवटी तिला चक्कर आली.

५. मुलांचा आपल्यावर राग नाही. आपल्या पत्रात बाहेर पडण्याची अट लिहायची राहून गेली, असे त्यांचे मत पडले. तपासणीच्या दिवशी आमच्याकडूनही दार उघडे राहिले होतेच, असेही मुले म्हणाली. म्हणून त्यांनी 'मोठे साहेब', म्हणजे आपण, असा तिसरा चौकोन आखला. मुंगी त्यात जाऊन उभी राहिली आणि बऱ्याच दिवसांनी बोलली : "बाई, साहेब झाल्यावर डोकं वापरायचं की नाही?"

मी तिला अद्याप काही सांगितलेले नाही. उत्तर आपल्याकडून लेखी यावे, ही विनंती. मंगळवारपर्यंत आले तर बरे होईल.

आपली नम्र,
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी
दिनांक : १२ सप्टेंबर

सोबत :
१) नाडी बांधण्याच्या अकरा सूचना, मुंगीच्या अक्षरात.
२) फरशीवरील आकृतीची नक्कल. तिसऱ्या चौकोनात सहीपुरती जागा सोडली आहे.