आतून वाजणारं कार्ड

ता. ४ जून

चि. भिंगरीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

माझ्या वाढदिवसाला तू पाठवलेलं कार्ड मिळालं. पाकीट हातात घेतलं तर आत खुळखुळ. पोस्टमन म्हणाला, काहीतरी फुटलेलं दिसतंय. मी त्यालाच झाडलं, की तुम्ही पाकिटं टाकता की आपटता. उघडून बघते तर समोर प्लॅस्टिकची गोल खिडकी आणि तिच्यामागे टिकल्या, मणी, बटणं, सगळं सुटून पडलेलं. एक वस्तू जागेवर असेल तर शपथ! शिवण उसवायचं पातं घेतलं, खिडकी कडेने कापली आणि सगळा कचरा झटकून टाकला. लगेच झाडूनही काढला. टेबलावर गिऱ्हाइकाचा पांढरा कोट पसरलेला होता, त्याला चमकी चिकटली असती तर माझी धडगत नव्हती.

पुढच्या वेळी गोंद चांगला वापर. चिकटवायला धीर लागतो. तुझ्या बापाकडे तो कधी नव्हता, तुझ्याकडे तरी असू दे. बाकी अक्षर बरं आहे.

आईला कामात मदत करत जा. लोभ आहेच, तो वेगळा लिहीत नाही.

आजी


ता. ११ जून

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कार्ड फुटलेलं नव्हतं. ते तसंच असतं. त्याला शेकर कार्ड म्हणतात. पुढच्या कागदात गोल कापायचा, मागून प्लॅस्टिक लावायचं, कडेने स्पंजच्या पट्टीची भिंत उभी करायची, आत टिकल्या टाकायच्या आणि मागून दुसऱ्या कागदाने बंद करायचं. मग हलवलं की सगळं नाचतं आणि वाजतं. म्हणून आतलं काही चिकटवलं नव्हतं. भिंत मात्र नीट चिकटवली होती. आधी टिकल्या गळत होत्या, म्हणून ती काढून पुन्हा नव्याने केली होती.

बटणं म्हणजे माझ्या पिवळ्या फ्रॉकची, बदकाच्या आकाराची बटणं होती. तूच शिवलेला तो फ्रॉक. आता मला होत नाही, म्हणून आईने तो देऊन टाकला, पण त्याआधी मी बदकं काढून ठेवली होती. तू खिडकीतून बघशील आणि ओळखशील असं मला वाटलं.

कोटाला काही लागलं नाही ना?

मी आता कार्डं करणार नाही. रागावले नाहीये, फक्त कळवलं. तब्येतीला जप.

तुझी भिंगरी


ता. १४ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोरीने मला दाखवलं नाही. टेबलावर राहिलं म्हणून वाचलं. रंगीत कागदांचा डबा तिने कपाटावर नेऊन ठेवलाय. मैत्रिणीच्या वाढदिवसाला दुकानातलं कार्ड आणू म्हणाली. का विचारलं तर म्हणते, माझ्याकडे धीर नाही, आजीने लिहिलंय.

आई, तुझी बोलणी ऐकून ऐकून माझी कातडी जाड झाली. तिची अजून व्हायची आहे, आणि नाही झाली तर बरं. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. काय करायचं ते तू ठरव, फक्त नवा फ्रॉक शिवून पाठवू नकोस. आम्हाला दुखावलंस की तू कपडा शिवायचीस. लहानपणी माझं कपाट गच्च भरलेलं असायचं.

थोडं लिहिलं, पुष्कळ समजून घे.

तुझा मुलगा


ता. २ जुलै

चि. भिंगरीस, वाढदिवसाचे अनेक आशीर्वाद.

सोबत कार्ड आहे. फुटलेलं नाही. वाजतं तसंच वाजू दे.

तुझं पत्र वाचलं तशी चपला न घालता खाली कचऱ्याच्या पिंपाशी गेले. पिंप रिकामं. घरी येऊन जमिनीला नाक लावून शोधलं, तर एक बदक मशीनच्या पायाच्या पट्टीखाली सापडलं. ती बदकं मी स्वतः लावली होती, सगळ्यांच्या चोची एकाच बाजूला येतील अशी. तीच झाडून टाकली आणि ओळखली नाहीत. चष्मा डोळ्यांवरच होता, म्हणून तेही कारण सांगता येत नाही.

आधी तुझीच खिडकी शिवून बघितली. मशीनवर प्लॅस्टिक शिवायची अक्कल मला कुठून सुचली! सुईच्या भोकांवरून तिकिटासारखं फाटलं. मग नवंच करायला घेतलं. प्लॅस्टिक शर्टाच्या खोक्याचं. भिंतीसाठी जुन्या कोटाच्या खांद्यातला स्पंज कापला. पहिल्या कार्डात टिकल्या गोंदात जाऊन बसल्या, त्या हलेनात. दुसऱ्यात प्लॅस्टिकला चिकटल्या. मग कापडावर खुणा करायच्या खडूची पूड आतून चोळली आणि पुसून घेतली, तेव्हा कुठे घसरायला लागल्या. तर भिंत कोपऱ्यातून गळायला लागली. तेव्हा तुझी आठवण आली. गळणारी भिंत काढून पुन्हा करणं म्हणजे काय, ते मला कळलं. तुझी भिंत पक्की होती. मी पात्याने खिडकी कापली म्हणूनच आतलं सांडलं.

धीराचं जे लिहिलं होतं ते मागे घेते. तुझ्याइतका माझ्यात नाही. मी मशीनला शिव्या दिल्या, आणि मशीन चालूही नव्हतं. कोटाला काही लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान एखादी टिकली तरी हाती राहिली असती.

बापाला सांग, फ्रॉक शिवलेला नाही. कापड आणलं होतं, ते कपाटात ठेवून दिलं. एक गोष्ट कार्डाच्या मागे लिहिली आहे. पत्रात लिहायला गेले की हात दुसरंच काही लिहायचा.

लोभ आहे. या वेळी वेगळा लिहिते.

आजी


ता. ९ जुलै

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. पाकीट वाजलं तसे बाबा म्हणाले, आत काहीतरी फुटलंय, आणि मुद्दाम कात्री शोधायला उठले. मी हिसकावून घेतलं. टिकल्या छान नाचतात. बदक मधेच अडकतं, पण टिचकी मारली की सुटतं. कोपऱ्यातून थोडं गळतंय. पट्टीचा जोड कोपऱ्यात घ्यायचा नाही, सरळ बाजूला घ्यायचा, मग फट पडत नाही. आणि गोंद चांगला वापरत जा.

मागे लिहिलेलं वाचलं. इतकं बारीक लिहिलंस की आधी मला वाटलं पेन्सिल घासली गेलीय. बाबांनी चष्मा लावला, खिडकीशी गेले आणि मोठ्याने वाचलं, की मी चुकले. मग माझ्या आईला विचारलं, हे आजीचंच अक्षर का. आई हो म्हणाली. तरी ते तिथेच उभे राहिले. शेवटी मला कार्ड परत मागावं लागलं.

डबा खाली काढलाय. माझं कापलेलं कार्ड फेकू नकोस, पाठव, मी नवी खिडकी लावते. आत घालायला तुझ्याकडची जुनी बटणं पाठव. तुझ्या आवडीची.

आईचा नमस्कार. माझाही लोभ आहे.

तुझी भिंगरी

ता. क. बाबांनी लिहायला सांगितलंय, की नोव्हेंबरमध्ये त्यांचाही वाढदिवस असतो.