माळ्यावरचा सर्व्हर

६ एप्रिल २०२५, रविवार
महाडात पाणी खालून येतं, म्हणून सर्व्हर माळ्यावर बसवला. एकवीसच्या पुरात कपाटं गेली, आता काही जाणार नाही. चारुशीलाच्या फोनमधले तिच्या वडिलांचे सगळे व्हिडिओ त्यावर घेतले आणि फोन मोकळा करून दिला. नाना गेले त्याला दोन वर्षं झाली, त्यांचा आवाज तेवढाच उरलाय. तिने विचारलं, नक्की राहतील ना. माझ्यावर सोड म्हटलं. ती बराच वेळ बघत राहिली. कौतुक असावं. दाराजवळ खुंटीला तिची पुराची पिशवी अजून आहेच, रेशनकार्ड, दाखले वगैरे. म्हटलं, आता कशाला ती.

९ एप्रिल
पंपही सर्व्हरला जोडला. गच्चीवरची टाकी भरली की सेन्सर कळवणार, पंप आपोआप बंद. वायरसाठी स्लॅबला भोक पाडलं. चांगू प्लंबर म्हणाला, भाऊ, ते बुजवा, पानी कुठनं वाट काढील सांगता येत नाय. त्याला नेटवर्किंग कळत नाही. रविवारी बुजवणार.

१५ एप्रिल
नेटवर्कवर अनोळखी उपकरण. नाव नाही, नुसते आकडे. दर दहा मिनिटांनी सर्व्हरला काहीतरी पाठवतं. कोणीतरी नानांपर्यंत पोचलंय. चारुशीलाला सांगितलं नाही, घाबरेल. मी घाबरलेलो नाही. घाम एप्रिलचा आहे.

१६ एप्रिल
जेवण गेलं नाही. शेजारच्या मुख्तारभाईंचा अरसलान गेल्या महिन्यात दुबईहून आलाय, कॉम्प्युटरमधला आहे. त्याने सहज विचारलं, काका, सर्व्हर कसा चाललाय. असं सहज कोण विचारतं? पासवर्ड तीनदा बदलला. त्यात दोनदा मीच चुकलो. भोक राहिलंच.

१७ एप्रिल, सकाळी ९
उपकरण ब्लॉक केलं. चोराला घराबाहेर काढलं. पंप सुरू करून ऑफिसला निघालो.

दुपारी १
चांगूचा फोन. टाकी कवापासनं वाहते हाय, पंप थांबतच नाय. धावत घरी आलो. ते उपकरण म्हणजे टाकीचा सेन्सर. मीच बसवलेला. पाणी भोकातून नेमकं सर्व्हरवर. वरून.

१८ एप्रिल
डिस्क गुपचूप अरसलानला दाखवली. त्याने विचारलं, काका, बॅकअप कुठे आहे. बॅकअप त्याच डब्यात, शेजारच्या डिस्कवर. दोन्ही गेल्या. तो काहीतरी सांगणार होता, मी ऐकायला थांबलो नाही. चारुशीलाला उद्या सांगतो.

१९ एप्रिल
उद्या नक्की. ती स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा मी माळ्यावर चढतो. पुराच्या वेळीही इतकी भीती वाटली नव्हती.

२० एप्रिल, रविवार
सांगितलं. ती रडली नाही. खुंटीवरची पिशवी काढली, रेशनकार्डाखालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. पाच तारखेलाच, म्हणजे मी फोनला हात लावायच्या आदल्या दिवशी, तिने अरसलानकडून सगळं उतरवून घेतलं होतं. म्हणाली, अहो, मी स्वतःला तुमच्यावर सोडलंय, नानांना कशी सोडीन.

दोघांनी बसून नानांना ऐकलं. मग तिने पिशवी पुन्हा खुंटीला लावली. मला हात लावू दिला नाही. भोक चांगूने बुजवलं. पंप मी हाताने बंद करतो.