आप्पांनी दिवा पाहिला

१८ जानेवारी, रविवार

पुणं राजधानी होतं त्याला दोन शतकं उलटली, पण आम्हाला अजून कोणी कळवलेलं नाही. संग्रहालयं वगैरे पाहुण्यांनी पाहायची, आपण फक्त रस्ता सांगायचा. आज गेलो ते वडिलांसाठी, आप्पांसाठी. काचबिंदूने त्यांची नजर चाललीय. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर म्हणाले, "मग संग्रहालयातला तो मोराचा पितळी दिवा आधी दाखव."

दालनातले पहारेकरी शेखभाई माणूस आला की दिवे लावणार, गेला की बंद करणार. मी मनात त्यांच्यावर खवचट लेख लिहूनही टाकला.

कपाटासमोर आप्पा म्हणाले, "नुसता उजेड दिसतोय रे." काचेवर ट्यूबलाइट चमकत होती. उशीर केला का मी?

शेखभाईंनी काही न विचारता दालनातले सगळे दिवे बंद केले. मागून एक बाई कडाडल्या, "अहो, आम्ही तिकीट काढलंय!"

"पाच मिनिटं अंधार बघा, ताई. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

मग मोबाइलची बॅटरी काचेला एका बाजूने धरली. "आता बघा, आजोबा. घाई नाही."

आप्पा बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. शेखभाईंचा हात अवघडला. त्यांनी हात बदलला, पण उजेड हलू दिला नाही.

शेवटी आप्पा म्हणाले, "मोर सुरेख आहे. पण काचेवर बोटांचे ठसे आहेत हो. पुसत चला."

मी शरमेने मरायला हवं होतं. पण ठसे दिसले त्यांना! बोटांचे ठसे!

शेखभाई हसत रुमाल काढून काच पुसायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच एका पुणेरी तक्रारीबद्दल मी देवाचे आणि शेखभाईंचे आभार मानले.