काखेतला भाता

देवरुख, ४ जानेवारी २०२५

चि. शंभूस,
आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं खरं कळव.

फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून रजा संपवून आखातात परत निघालेल्या तुझ्या दोस्ताच्या, संतोषच्या हाती कागद धाडतेय. त्यानेच तुझा फोटो दाखवला. कमरेला पट्टा, कोपराला पट्टा, काखेत पिशवी आणि तिला नळी! गेल्या वर्षी फुप्फुसांच्या दुखण्याने तिकडच्या सलमानिया इस्पितळात वीस दिवस होतास, तेव्हाही अशाच नळ्या होत्या. श्वासाचं मशीन लागलंय ना तुला? आईची शपथ, लपवू नकोस.

तुझी,
शेवंतीआक्का


हमद टाउन, १२ जानेवारी

ती. आक्कास शंभूचा सा. न. वि. वि.

मशीन कसलं गं! ते वाद्य आहे, बॅगपाइप. मी सोफे शिवतो ना, इथल्या हूरा भागातला एक म्हातारा इंग्रज त्याचं फाटलेलं चामडं शिवून घ्यायला आला, आता मला वाजवायला शिकवतोय. खलास, एवढंच. काळजी नसावी, माया असू दे.

तुझा,
शंभू


देवरुख, २५ जानेवारी

चि. शंभूस,
आशीर्वाद, पण रागाचे.

चोर तो चोर, वर शिरजोर! लष्कराचा बँड टीव्हीवर मीही बघते. गाल फुगवून फुंकतात ते. आपल्या अप्पांनी शिकवलेली सनई डॉक्टरांनी तुला बंद करायला लावली, तेव्हा पुन्हा काही फुंकणार नाही असा मला शब्द दिलास. म्हणजे एक तर मशीन लागलंय, नाहीतर शब्द मोडलास. आणि फोटोत तोंड मिटलेलं कसं? तेच मला खुपतंय.

शेवंती


हमद टाउन, ३ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

अगं, मी फुंकतच नाही! लोहाराकडे असतो तसला छोटा भाता उजव्या काखेत असतो, पट्टे त्याचेच. कोपर वरखाली केलं की वारा नळीतून डाव्या काखेतल्या पिशवीत जातो. पिशवी एकसारखी दाबत राहायची, म्हणजे स्वर तुटत नाही. एका नळीवर बोटं चालतात. बाकीच्या नळ्या अप्पांच्या सनईमागे बसणाऱ्या सूरवाल्यासारख्या एकच सूर धरून बसतात. वारा कोरडा, म्हणून सनईसारख्या आतल्या पत्त्या तोंडाच्या वाफेने ओल्या होत नाहीत.

तुझा विश्वास बसायचा नाही, म्हणून व्हिडिओ पाठवलाय, मधे कुठे तोडलेला नाही. वाजवता वाजवता तुझ्याशी बोललोय. फुंकणाऱ्याने तसं बोलून दाखवावं!

लोभ धरावा, संशय सोडावा.
शंभू


देवरुख, ११ फेब्रुवारी

चि. शंभूस अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ सात वेळा पाहिला. आधी तुझे ओठ, मग छाती, मग बाजूला दुसरा कोणी वाजवत नाही ना, तेही. कोणी नव्हतं. अप्पांची भूपाळी चालली होती, आणि त्यातच तू मला जेवलीस का म्हणून विचारलंस. मेल्या, मला रडूच आवरेना. उद्या देवीला नारळ फोडणार आहे.

आता माझीही लबाडी ऐक. पहिलं पत्र धाडलं त्या दिवशी मी देवीला गाऱ्हाणं घातलं होतं, की शंभू माझ्याशी खोटं बोलत असला तर बोलू दे, शब्द मोडला असेल तर तोही मोडू दे, पण त्याचा श्वास तेवढा चालू ठेव.

तुझी,
आक्का