गर्डरला लावलेला हुक

आप्पा, तुम्ही बूम लिफ्ट कधी पाहिली नाही, म्हणून आधी तीच सांगतो. चार चाकांची गाडी, तिला लांबलचक लोखंडी हात, आणि त्या हाताच्या टोकाला दोन माणसं उभी राहतील एवढं बास्केट, भोवती कमरेएवढा कठडा. बटणं बास्केटमध्येच असतात. दाबली की वर जायचं, बाजूला सरकायचं, खाली यायचं. जन्मभर बांबूच्या परांचीवर चढून तुम्ही गिरण्या आणि शेड रंगवल्यात, तुम्हाला हे बघून हसूच आलं असतं. उभ्या उभ्या वर जाणारे कसले रे रंगारी, असं काहीतरी म्हणाला असतात. मशीन मी चालवतो, धाकटा माझ्यासोबत वर येऊन रंग मारतो. दोघं भाऊ एकाच मशीनवर जाऊ नका असं आई सांगत आली आणि आम्ही कधी ऐकलं नाही.

घोटीची ती भात गिरणी आठवते का? मी नुकताच तुमच्या हाताखाली आलो होतो. परांचीची दोरी सरकते, पायाखालचा बांबू एका बाजूला खाली जातो, आणि मी वेड्यासारखा त्याच बांबूला मिठी मारतो. तुम्ही गर्डरवरून वाकून माझी कॉलर धरता, ओढून वर घेता, नीट बसवता आणि मग एक सणसणीत कानफटात देता. "बांबूचा भरवसा नाय. हललं की लोखंड धर." दिवसभर कान वाजत होता. संध्याकाळी स्टँडवर तुम्ही मला गरम भजी घेऊन दिलीत. धाकट्याला तुम्ही तेच शिकवलंत, पण नुसतं तोंडी. तो तुमचा लाडका, त्याच्यावर हात कुठला उचलताय? मला मार खाऊन जेवढं पाठ झालं, तेवढंच त्याला न खाता झालं.

आता या मशीनचा कायदा नेमका उलटा आहे. अंगात पट्टा घालायचा, त्याच्या दोरीचा हुक बास्केटमधल्या कडीत अडकवायचा, आणि मशीन वर बंद पडलं तरी बास्केट सोडायचं नाही. इंजिन गेलं तरी खालचा माणूस खालून बास्केट उतरवू शकतो. तोवर आपण गुमान उभं राहायचं. ट्रेनिंगला साहेबांनी हे सांगितलं तेव्हा धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आप्पांनी या साहेबाला गर्डरवर बसवून हाणला असता. मला हसू आलं, साहेब रागावले.

गेल्या आठवड्यात आम्ही लासलगावच्या अलीकडे कांद्याच्या एका नव्या शेडवर होतो. पत्रे चढायचे होते, उभा होता तो नुसता लोखंडी सांगाडा, आणि वारा आरपार. दुपारी अगदी वर असताना इंजिनाने आचके दिले आणि बंद पडलं. बास्केट झुलायला लागलं. बटणं दाबून पाहिली, इंजिन गेल्यावर बास्केट उतरवायला असतो तो बॅटरीवरचा पंपही चालेना. खाली आमचा नेहमीचा माणूस जेवायला गेलेला, त्याच्या जागी बसवलेला नवा. मी कठड्यावरून वाकून त्याला ओरडून सांगत होतो की पेटी उघड, लाल मूठ शोध, हळूहळू फिरव. खाली बघत होतो, म्हणून मागे काय चाललंय ते मला दिसलं नाही. धाकट्याने आपला हुक बास्केटच्या कडीतून काढून डोक्यावरच्या गर्डरला लावला होता आणि चढण्यासाठी एक पाय कठड्यावर टाकला होता.

तेवढ्यात खालच्याला मूठ सापडली. बास्केट खाली निघालं आणि धाकटा निघाला नाही.

दोरी ताणली गेली, पट्टा त्याच्या काखेत रुतला, खाली टेकलेल्या पायाची टाच उचलली गेली. त्याचं तोंड पांढरं पडलेलं मला अजून दिसतं. मी दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला. थांबव म्हणून ओरडलो. खालच्याने मूठ सोडली. आणखी हातभर गेलो असतो तर तो कठड्याबाहेर दोरीला लोंबकळला असता आणि मी त्याच्या पायांकडे बघत खाली गेलो असतो. त्याने गर्डरला एका हाताने लटकून दोरी सैल केली, हुक काढला, आत उतरून कडीत लावला. हुक काढल्यापासून लावेपर्यंत तो कशालाच बांधलेला नव्हता, आप्पा. खाली पोचल्यावर माझी बोटं त्याच्या पट्ट्यावरून सुटेनात. त्या नव्या माणसाने एकेक करून सोडवली.

मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, "हललं म्हणून लोखंड धरलं. आप्पा काय खोटं सांगायचे का?" तुम्ही खोटं सांगत नव्हतातच, बांबूला ते खरंच होतं. पण पुन्हा मशीन बंद पडलं तर हा पुन्हा गर्डरकडे जाईल. वर जाण्याआधी त्याच्या हुकाला मी स्वतः हिसका देऊन बघतो, त्यावर तो हसतो. तुम्ही असतात तर एका कानफटात काम झालं असतं. माझ्या हाताला तेवढं वजन नाही.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि धाकट्याच्या हाती मी तो पडू देणार नाही. त्या दिवशी घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं, दादाने मला धरून ठेवलं म्हणाला, आणि तिच्या देखत माझ्या पाया पडला. तेव्हापासून आम्हाला एका मशीनवर जाऊ नका असं आई म्हणत नाही. मी सोबत आहे ना, मग काळजी नाही, म्हणते. आप्पा, मी त्याला धरून ठेवलं नव्हतं. बास्केट हललं, मला भीती वाटली, आणि हाताशी तोच होता.