घसा बसलेला पंप

बाबा, तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी मला तुमच्या एका शब्दाची गरज पडली.

मी आता अमरावतीला एम.टेक. करते. प्रकल्प तुमच्याच अकोल्याच्या तेलमिलमधल्या व्हॅक्यूम पंपावर आहे, तेलाचा वास काढायच्या टाकीतली हवा ओढणाऱ्या. "याले ना पंखा, ना पट्टा. नुसती वाफ सुटते अन् हवेले संगं घेऊन जाते," असं तुम्ही सांगायचात. तीच वाफ मी संगणकावर सोडते. पंपाच्या आतल्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यातला दाब नि वेग काढायचा. पडद्यावर चित्र सुरेख यायचं, पण माझा पंप मिलमधल्या पंपापेक्षा फारच चांगला ओढायचा. दोन महिने मी तुकडे आणखी बारीक केले, गणिताची रीत बदलली. शेवटी सर म्हणाले, या महिन्यात आकडे जुळले नाहीत तर विषय सोडू.

मागच्या आठवड्यात खोलीतली मैत्रीण फोनवर कुणाला तरी सांगत होती, "घसा बसला गं माझा." माझा हात कळफलकावरच थांबला.

मी अकरावीत आहे, तुमचा डबा घेऊन मिलमध्ये आले आहे. तुम्ही मान तिरपी करून पंपाजवळ उभे आहात. "आयक वं. घसा बसला याचा. आता वाफ वाढवून काई होत नाई." बाजूला तुमच्या पाळीतले काका आहेत, बाहेरून आलेले इंजिनिअर आहेत. घरात पहिली पदवी मी घेणार, म्हणून शब्दही मलाच ठाऊक. मी म्हणते, "बाबा, मशीनला घसा नसतो. नोझल म्हणा." सगळे हसतात, मीही हसते. "बरं, नोझल," म्हणून तुम्ही डबा उघडता. त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही कधी घसा म्हणाला नाहीत.

नोझलच्या, म्हणजे वाफ सुटते त्या तोटीच्या, सगळ्यात अरुंद जागेला पुस्तकात थ्रोट म्हणतात, घसाच. पदवीची चार वर्षं मी तो शब्द लिहिला, आणि प्रकल्पात त्याचं माप ड्रॉइंगवरून घेतलं, कोऱ्या नोझलचं.

रविवारी मिल बंद असते. अकोल्याला गेले, काकांनी नोझल खोलून दिलं. वाफेनं झिजून भोक रुंद झालं होतं. "तुहा बाप खोलत नसे," काका म्हणाले, "कानानंच सांगे." ते माप घातलं आणि आकडे जुळले.

सरांनी विचारलं, "झिजेचं सुचलं कसं?" मी म्हणाले, कुठेतरी वाचलं होतं.

सोमवारी त्यांना खरं सांगायचं आहे. तोवर हा कागद अहवालाच्या कच्च्या प्रतीत ठेवते, धाडायला पत्ता नाही. वाचलं नव्हतं, बाबा. ऐकलं होतं, आणि हसले होते.