न झिजलेल्या चपला

अहो,

सुखरूप पोचले. जिवाला घोर लावून घेऊ नका.

आपल्या ठकूचं घर चौतिसाव्या मजल्यावर आहे. खिडकीशी उभं राहिलं की खाली नुसतं पाणी, आणि बोटी काडेपेटीएवढ्या. मी आपली भिंतीच्या कडेकडेने चालते, त्यावर लेक हसते. खालच्या मजल्यांवर दुकानं, दवाखाना, तिचं ऑफिससुद्धा. कशाला म्हणून इमारतीबाहेर पडायला नको. जावई कामासाठी परगावी असतात, पण रोज फोन करतात.

तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? चपला शिवताना तासन्‌तास उकिडवं बसू नका.

एक सांगते, पण मनाला लावून घेऊ नका. वर्षापूर्वी तुम्ही तिला शिवून दिलेल्या चपला काल पुसायला घेतल्या. तळ बघून गिऱ्हाईक ओळखायचं मी तुमच्याकडूनच शिकले. टाच झिजलेली नाही, मातीचा कण नाही. विचारलं तर म्हणाली, "घालते की रोज." खोटं नाही बोलली. रोज घालते, गालिच्यावरून लिफ्टपर्यंत.

आज दुपारी तिला बळेच खाली पाण्याकाठी नेलं. वीसेक पावलं गेलो असू. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं तिने माझं बोट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "आई, वर जाऊ या."

माझं परतीचं तिकीट रद्द करा. कुणी विचारलं तर सांगा, हिला तिकडचं हवापाणी मानवलंय.

तुमची,
ठकूची आई